रिकामी खाच

आमच्या घरात मार दारावरून पडायचा. मार्कांवरून नाही, खोटं बोलण्यावरून नाही, भावाशी भांडले म्हणूनही नाही. दार उघडं राहिलं की मार. अर्धं उघडं राहिलं तरी मार. लावलं पण नीट बसलं नाही आणि बोटभर मागं सरकलं, तरी मार. हे सुरुवातीलाच सांगून टाकते. आमच्यासारखी इथं वाढलेली मुलं आपलं शारजातलं लहानपण सांगायला बसली की आधी शवर्मा येतो, मग समुद्र येतो, मग सगळे डोळे पुसायला लागतात. माझ्या लहानपणात सगळ्यात आधी अ‍ॅल्युमिनियमचा दोन फुटी तुकडा येतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही शारजातल्या रोल्ला भागात राहायचो. तिसरा मजला, एक बेडरूम, हॉल, किचन. मी तेरा वर्षांची, भाऊ सात वर्षांचा, आई घरी. बाबा एका अ‍ॅल्युमिनियमच्या वर्कशॉपमध्ये एस्टिमेटर होते. म्हणजे बिल्डिंगचं ड्रॉइंग आलं की त्यातल्या खिडक्या मोजायच्या, एका खिडकीला किती सेक्शन, किती काच, किती रबर, किती स्क्रू लागणार ते काढायचं आणि कोटेशन करायचं. आमची बिल्डिंगसुद्धा त्यांनीच प्राइस केलेली. पाहुणे आले की ते हॉलच्या खिडकीवर टिचकी मारायचे.

"ही आपली. अख्ख्या बिल्डिंगच्या खिडक्या आपल्या. टेंडर आपण मारलं!"

पाहुणे खिडकीकडे बघून मान हलवायचे आणि चकलीकडे वळायचे.

तो दोन फुटी तुकडा वर्कशॉपमधूनच आलेला होता. खिडकीच्या सरकत्या पल्ल्याचा सेक्शन, तपकिरी रंगाचा, आतून पोकळ. गिऱ्हाइकाला दाखवायचा नमुना. त्याच्या एका कडेला लांबलचक खाच होती आणि खाचेत करड्या केसांची बारीक पट्टी बसवलेली होती, दात घासायच्या ब्रशसारखी, म्हणून तिला ब्रशच म्हणतात. खिडकी बंद केली की ते केस चौकटीला घासून बसतात आणि फट बुजते. धूळ अडते, गरम हवा अडते, गारवा आत राहतो. नमुना जुना झाला म्हणून बाबांनी घरी आणला. टीव्हीच्या मागं त्याची जागा होती. तो उचलताना भिंतीला टक्कन लागायचा. तो आवाज आला की भाऊ जिथं असेल तिथूनच ओरडायचा, "आय क्लोज्ड इट, बाबा! प्रॉमिस! आय क्लोज्ड इट!"

"काय क्लोज्ड? हे काय आहे? बोट जातंय माझं या फटीतून. गारवा काय तुझा बाप देतो का फुकट?"

बाप तोच होता, हे त्या वेळी कोणी बोलून दाखवायचं नसतं.

मार लागला की मांडीवर दोन लाल रेघा उठायच्या, शेजारी शेजारी, आणि मध्ये पांढरी पट्टी कोरीच. मी शाळेच्या युनिफॉर्मचा स्कर्ट आईला लांब शिवायला लावला होता. आईनं कारण विचारलं नाही. तिला माहीत होतं. आईवर बाबांनी कधी हात उचलला नाही, हे ते स्वतःच अभिमानानं सांगायचे. खरं आहे. तिच्यावर नाही, तिच्या भांड्यांवर उचलला. आमच्या कढईचा कान, कुकरचं झाकण, दोन स्टीलचे डबे, सगळ्यांना पोचे आलेले होते. आईची माणसं म्हणजे ती भांडी आणि आम्ही.

भांडण गारव्याचं होतं आणि गारवा म्हणजे बिल. जूनचं बिल आलं त्या दिवशी बाबांनी ते जेवणाच्या ताटाशेजारी आपटलं.

"सातशे वीस दिरहम. गुणिले अकरा करा. करा ना! आठ हजार रुपये. आठ हजार रुपयांची हवा! खलास. ऐक गं," आईला म्हणाले, "जुलैचं बिल यापेक्षा कमी आलं नाही, तर ऑगस्टात सुट्टीला जाल ते परत यायचं नाही. मिरजेत शाळा आहेत. मी बेडस्पेस घेऊन राहतो."

बेडस्पेस म्हणजे सहाजणांच्या खोलीतला एक पलंग. आजूबाजूला अशी घरं रोज फुटत होती. माझ्या वर्गातल्या दोन मुली त्याच वर्षी 'सुट्टीला' गेल्या त्या आल्याच नाहीत. त्यांच्या बाकांवर दुसऱ्या मुली बसल्या, इतकंच. माझी शाळा, माझी भाषा, माझा रस्ता, सगळं या गावात होतं. मिरजेत मला लोक 'दुबईची' म्हणून दाखवायचे आणि मी शारजा म्हटलं की हसायचे. मला जायचं नव्हतं. त्या दिवसापासून आई दार लावताना दोन्ही हातांनी लावायला लागली.

आता माझ्या हातात पहिलं पत्रक कसं आलं ते सांगते, कारण त्यानंतर मी पत्रकांची झाले ती आजपर्यंत. शाळेच्या इको क्लबात कोणीतरी पाहुणे आले आणि त्यांनी एक चार पानी पत्रक वाटलं. घरातल्या फटी बुजवा, ऊर्जा वाचवा. चित्रात स्वेटर घातलेला माणूस खिडकीजवळ मेणबत्ती धरून उभा. बाहेर बर्फ. पंचेचाळीस डिग्रीत आम्हाला बर्फाचं पत्रक! ज्यांनी छापलं त्यांनी बाहेर डोकावून तरी बघायचं होतं. वर्गात सगळे खो खो हसले. मी हसले नाही. मी बाण उलटे केले. तिथं बाहेरची थंडी आत येते, इथं बाहेरचं ऊन आत येतं. फट तीच, चोर तोच. मेणबत्तीची ज्योत जिथं वाकते तिथं फट आहे, असं लिहिलं होतं.

आई म्हणाली, "मेणबत्ती कशाला? संध्याकाळी दिवा लावल्यावर मी उदबत्ती फिरवतेच की घरभर. तू मागनं ये वही घेऊन."

आणि आम्ही निघालो. देवापुढं उदबत्ती लावायची, नमस्कार करायचा, मग आई प्रत्येक कोपऱ्याला, प्रत्येक दाराला ती दाखवत जायची, जशी माहेरी दाखवायची तशीच. फक्त आता ती प्रत्येक ठिकाणी थांबायची. धूर सरळ वर गेला तर पुढं. धूर वाकला, तुटला, खोलीत फेकला गेला, तर मी वहीतल्या घराच्या नकाशावर लाल फुली मारायची. मुख्य दाराखाली फुली. एसीच्या लाकडी चौकटीभोवती चार फुल्या. किचनच्या एक्झॉस्टला फुली. आणि खिडक्या! बेडरूमची खिडकी, हॉलची खिडकी, तिथं तर धुराला कोणी चापट मारल्यासारखा तो आडवा व्हायचा. बाहेर वारा असला की त्या खिडक्या शीळ घालायच्या, आणि खिडकीत ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीवर संध्याकाळपर्यंत वाळूचा थर बसायचा. एसी दिवसरात्र गुरगुरायचा. तो झोपतच नव्हता.

मी नकाशा बाबांना दाखवला. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं, हा माझा मूर्खपणा.

"हे काय? खिडक्यांवर फुल्या कुणी मारल्या?"

"मी. तिथून सगळ्यात जास्त येतं, बाबा. धूर..."

"खिडक्या लीक नाहीत. खिडकी आपली आहे. मला शिकवतेस? तुम्ही दारं उघडी टाकता, ते आधी बंद करा!" त्यांनी कागद टराटरा फाडला. टीव्हीच्या मागं टक्कन वाजलं. त्या दिवशी दार बंद होतं तरी मला मार पडला.

फाडलेल्या नकाशानं आईला काय झालं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी बाबा ऑफिसला गेल्यावर ती म्हणाली, "आण गं ग्रोसरीतून रद्दी. आपण दोघी बुजवू." तिनं पातेल्यात मैद्याची खळ शिजवली, आपल्याकडं पाकिटं आणि पतंग चिकटवायला करतात तीच. ग्रोसरीतली रद्दी मल्याळी वर्तमानपत्रांची होती. आम्ही त्यांच्या पट्ट्या कापल्या आणि खिडक्यांच्या सगळ्या कडांवर, एसीभोवती, तीन तीन थर चिकटवल्या. हात कोपरापर्यंत चिकट. भाऊ पट्ट्यांवर थुंकी लावून मदत करत होता.

त्या दुपारी एसी पहिल्यांदा थांबला. कट् करून थांबला, आणि घरात इतकं शांत झालं की आम्ही तिघं एकमेकांकडं बघत राहिलो. आई कुजबुजली, "बंद पडला काय गं?" पडला नव्हता. खोली गार झाली होती, म्हणून थांबला होता. बाबांनाही फरक कळला. त्यांनी पट्ट्यांना हात लावला नाही.

आठ दिवस. मग झुरळं आली.

मैदा आम्हीच वाढून ठेवला होता. पाइपांच्या शाफ्टमधून, एक्झॉस्टमधून, अख्ख्या बिल्डिंगची झुरळं आमच्याकडं जेवायला आली. दिवा लावला की पट्ट्यांवरून पसरायची. भावाच्या उशीवर दोन सापडली. तो किंचाळला, बाबा आले, पाहिलं, आणि पुढची पाच मिनिटं मला तुकड्या तुकड्यांतच आठवतात. पट्ट्या ओरबाडणारे हात. फाटलेला कागद, त्याला चिकटलेला रंग, रंगाला चिकटलेली भिंत. चपलेचे फटके, झुरळांवर, भिंतीवर, मध्ये आलेल्या माझ्या हातावर. खळीचं पातेलं किचनमधून उडालं आणि हॉलच्या भिंतीवर आदळलं. "पीठ लावतात खिडक्यांना! अडाणी! बिल्डिंगभर हसतील मला!" आई पातेलं उचलायला वाकली, तर त्यांनी ते पायानं ढकललं. ती तशीच वाकलेली राहिली. मला ते वाकणं माझ्या स्वतःच्या मारापेक्षा जास्त लागलं, आणि आजही लागतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी वर्कशॉपमधून डोअर क्लोजर आणला. दुकानांच्या जड दारांना असतो तो, हात असलेला, स्प्रिंगवाला. तो त्यांनी बेडरूमच्या साध्या, हलक्या दाराला ठोकला. "आता बघू कसं उघडं राहतं." दार सोडलं की तोफेसारखं बंद व्हायचं. चौकट हादरायची. आम्ही त्या दारातून पळतच जायला शिकलो.

त्याच आठवड्यात मला खाच सापडली.

दुपारची वेळ, बाबा ऑफिसात, मी बेडरूमच्या खिडकीपाशी पाय पसरून बसलेले. पट्ट्या ओरबाडल्यानं खिडकीच्या कडा खरवडून उघड्या पडल्या होत्या. मी उगाच एक उदबत्ती लावून पल्ल्याच्या कडेनं खालून वर नेत होते. धूर आत फेकला जात होता, आणि तो नेमका कुठून येतो हे मला पहिल्यांदा दिसलं. पल्ल्याच्या कडेला दोन बारीक ओठ होते आणि त्यांच्या मधोमध रिकामी खाच, वरपासून खालपर्यंत. त्यात वाळू भरलेली. दोन ओठ आणि मध्ये मोकळं. मी माझ्या मांडीकडं पाहिलं. दोन रेघा आणि मध्ये मोकळं.

मी टीव्हीमागून तो सेक्शन आणला आणि खिडकीला लावला. तोच. मिलिमीटरचाही फरक नाही. फक्त नमुन्यातल्या खाचेत ब्रश होता आणि आमच्या खिडकीतल्या खाचेत वाळू. मी हॉलची खिडकी पाहिली. रिकामी. किचनची पाहिली. रिकामी. तिसऱ्या मजल्याच्या पॅसेजमधली पाहिली. रिकामी. अख्खी बिल्डिंग उघडी होती आणि वर्षानुवर्षं मार खात होतो आम्ही, दारासाठी.

कोणी विचारेल, मग त्याच दिवशी बोलली का नाहीस? आता मी लोकांच्या तोंडावर बोलते, पण तेव्हा तेरा वर्षांची होते आणि नकाशाचं काय झालं ते पाहिलं होतं. मी सेक्शन जागेवर ठेवला आणि गप्प बसले. दोन दिवस गप्प बसले. त्या दोन दिवसांचा हिशोब माझ्या भावाच्या हातावर आहे.

शुक्रवार होता. बाहेर शमाल सुटलेला, वाळूचा वारा, समोरची बिल्डिंग पिवळी होऊन नाहीशी झालेली. खिडक्या शीळ घालत नव्हत्या, किंचाळत होत्या. आई मिरच्या तळत होती, ठसका इतका उठला की तिनं किचनची खिडकी वीतभर उघडली. तेवढ्यात भाऊ बेडरूममधून बाहेर येत होता. हातात खेळण्यातली गाडी, दुसरा हात दाराच्या बिजागरीच्या बाजूला. किचनमधून वारा घुसला, त्यानं दार धरलं, मागून क्लोजरनं ढकललं.

आवाज मोठा नव्हता. गाजर मोडल्यासारखा. मग तो ओरडला. मी दार खेचत होते आणि स्प्रिंग ते माझ्या हातातून ओढून घेत होती, त्याची दोन बोटं आतच होती. बाबांनी येऊन खांद्यानं दार मागं रेटलं. रक्त चौकटीवरून खाली आलं. त्यांनी त्याला उचललं आणि अनवाणीच जिना उतरून गेले. खाली वॉचमन, त्याला इथं नातूर म्हणतात, तो त्यांच्यामागं वाळूत पळत गेला, "साब, चप्पल! साब!" म्हणत.

करंगळीचं हाड मोडलं होतं आणि शेजारच्या बोटाचं नख गेलं होतं. दोन तासांनी ते परत आले. भावाच्या हाताचं पांढरं बोचकं झालेलं. त्याला झोपवलं. बाबा हॉलच्या मधोमध उभे राहिले. त्यांचे पाय भाजलेले होते, शर्टावर रक्त होतं. मला वाटलं आता रडतील.

"किचनची खिडकी कोणी उघडली?"

"मी," आई म्हणाली.

ते तिच्याकडं बघत राहिले. मग माझ्याकडं वळले. "आणि तू? तू कुठं होतीस? दार धरायला काय झालं होतं तुला?" हात टीव्हीच्या मागं गेला. टक्.

मी धावले ती त्यांच्यापासून लांब नाही, त्यांच्याकडं. सेक्शन दोन्ही हातांनी धरला आणि लोंबकळले. ते चकित झाले म्हणूनच तो माझ्या हातात आला. मी तो हॉलच्या खिडकीपाशी नेला आणि पल्ल्याच्या कडेला दाबून धरला.

"इथला ब्रश कुठंय, बाबा?"

"दे इकडं."

"यात आहे. खिडकीत नाही. एकाही खिडकीत नाही. मी बघितलंय. इथला ब्रश कुठंय?"

त्यांनी सेक्शन हिसकावला आणि मारला. मला नाही, खिडकीला. काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकली. दुसऱ्या फटक्याला खालचा त्रिकोण बाहेर कोसळला आणि शमाल सरळ घरात शिरला. पडदा छताला लागला. कॅलेंडर उडालं. देवासमोरची समई आडवी झाली. तोंडात वाळू. त्या गोंगाटात आई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचा आवाज चढलेला नव्हता, तरी मला ऐकू आला.

"अहो, ती विचारतेय त्याचं उत्तर द्या."

बाबांनी सेक्शन खाली केला. "ओनर म्हणाला रेट कमी करा, नाहीतर दुसऱ्याला देतो. आमचा मॅनेजर म्हणाला, कुठलं तरी आयटम काप. मी ब्रश कापला." मग, जणू हे समजावून सांगितल्यावर पटेलच अशा आवाजात, "ब्रश दिसत नाही ना कोणाला. हँडल कापलं तर दिसतं."

"आणि मग आपण इथंच राहायला आलो," आईनं म्हटलं.

"भाडं कमी होतं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," आई म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

ते काही बोलले नाहीत. मी आज फ्लॅटफ्लॅटला जाऊन जे ओरडते ते सगळं त्या गप्प बसण्यातून आलंय. खिडकी मालक कापतो, बिल भाडेकरू भरतो, आणि मार पोरं खातात. ज्याच्या हातात कोटेशन आहे तो मालकाला विचारत नाही. घरी येऊन पोराला विचारतो, दार का उघडं?

शनिवारी बाबा कामावर गेले. आईनं तुटलेल्या खिडकीला चादर लावली, सगळी वाळू झाडली, भावाला भात भरवला. संध्याकाळ व्हायला लागली, बाबांची यायची वेळ झाली, तशी तिनं कपाटातून आमचे तिघांचे पासपोर्ट काढले आणि टीपॉयवर ठेवले. एसी फुल केला. बेडरूमचं दार उघडून क्लोजरचा हात सोडवला. मग मुख्य दार सताड उघडलं आणि त्याच्याखाली तोच सेक्शन पाचरीसारखा ठोकून बसवला.

मी म्हटलं, "आई, बाबा मारतील."

"बघू या ना. बस इथं." आम्ही तिघं सोफ्यावर बसलो. "आज दार मी उघडं ठेवलंय. बिलाचं काय व्हायचं ते होऊ दे. त्यांनी तो तुकडा कोणावरही उचलला, तर उद्या आपण मिरजेला. नाही उचलला तर राहू. बिलावरनं मी जाणार नाही आणि बिलावरनं राहणारही नाही."

नातूर वर आला, दारात थबकला. "भाभी, ठंडा सब बाहर जा रहा है."

"जाने दो, भाईसाब."

"पूरा फ्लोर ठंडा हो गया," तो म्हणाला, आणि तिथंच गारव्यात थोडा वेळ उभा राहिला, मग खाली गेला.

बाबांची पावलं जिन्यावर ओळखू यायची, आता तर एक पाय ओढत होते. ते पॅसेजमध्ये आले. काखेत एक खोकं. त्यांना गारवा आधी लागला असणार, मग दार दिसलं, मग आम्ही. मी त्यांच्या हातांकडं बघत होते. भाऊही तिथंच बघत होता. त्यानं या वेळी "आय क्लोज्ड इट" म्हटलं नाही.

त्यांनी खोकं खाली ठेवलं. वाकून सेक्शन उपसून काढला. दार सुटलं, ते त्यांनी तळहातानं धरलं आणि इतकं हळू लावलं की कडीचा आवाजही आला नाही. मग सेक्शन हातात घेऊन ते उभे राहिले. आईनं पासपोर्टवर हात ठेवला.

ते वळून किचनमध्ये गेले आणि आवाज सुरू झाला. ओट्याच्या कडेवर, धाड, धाड, धाड. ओट्याचा टवका उडाला. आधी सेक्शन मधून वाकला, मग पिळला, तरी मोडेना. अ‍ॅल्युमिनियम मोडत नाही सहजासहजी. भाऊ माझ्या कुशीत शिरला. आई मात्र कान देऊन ऐकत होती, कुकरच्या शिट्ट्या मोजाव्यात तशी. शेवटी सेक्शन फरशीवर पडला.

"झालं?" आईनं विचारलं.

"झालं," आतून आलं.

माफी वगैरे काही नाही. सिनेमात असते ती. ते पाणी प्यायले, मग त्यांनी खोकं उघडलं. आत ब्रशचं मोठं रीळ होतं, करड्या केसांचं. त्यांनी बेडरूमच्या खिडकीचा पल्ला उचलून खाली काढला, खाचेतली वाळू स्क्रू ड्रायव्हरनं उकरली, आणि ब्रश सरकवायला लागले. खाचेची कड धारदार, अंगठा कापला. त्यांनी तो शर्टाला पुसला आणि पुढं सरकवत राहिले. आई उदबत्ती लावून आली आणि ती तिनं भावाच्या चांगल्या हातात दिली. पल्ला बसला, खिडकी लागली. भावानं कडेनं उदबत्ती नेली. धूर सरळ वर गेला.

"नो लीक," तो म्हणाला.

हॉलची काच बदलून सगळ्या खिडक्या व्हायला तीन संध्याकाळी गेल्या. तोपर्यंत पासपोर्ट टीपॉयवरच होते. चौथ्या दिवशी आईनं ते कपाटात ठेवले, पण कपाटाची किल्ली आपल्या मंगळसूत्राला अडकवली. जुलैचं बिल कमी आलं. बाबा आकडा वाचून म्हणाले, "इन्शाल्ला, आता राहायला हरकत नाही." आई म्हणाली, "ते आधीच ठरलंय." ऑगस्टात आम्ही कुठंच गेलो नाही. भावाचं नख आलं, वाकडं आलं.

तो पिळलेला सेक्शन मी कचऱ्यातून काढून घेतला.

दोन हजार सालानंतर शारजातल्याच अल नहदा भागात टॉवरवर टॉवर उठले. मी कॉलेजात होते, आम्ही काही मुलांनी पत्रक काढलं. चार भाषांत, बर्फ नाही, स्वेटर नाही, आणि खिडकीच्या खाचेचं मोठं चित्र. घराघरांतून तीच दारं आपटत होती, तीच ओरड. छापायच्या आधी मी ते मुद्दाम बाबांच्या ताटाशेजारी ठेवलं. आपटलं, खरं तर. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. मग पेन्सिल घेऊन चित्रातल्या खाचेचं माप खोडलं आणि बरोबर माप लिहिलं. पत्रक उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला काहीतरी लिहायला लागले. बिल्डिंगांची नावं होती. रोल्लातल्या, अल नहदातल्या. थांबत, आठवत, अकरा नावं.

"इथं आधी जा," ते म्हणाले. "इथला मी कापलाय."

मी त्यांना माफ केलं का, असं मैत्रिणी विचारतात. मी यादी घेतली, एवढं सांगते.

पहिल्याच टॉवरच्या नातूरनं पत्रकं फाडून मला दंडाला धरून बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी मी मागच्या जिन्यानं गेले. सहाव्या मजल्यावर एका बाईनं दार हातभर उघडलं. तिच्या मागं पाच-सहा वर्षांची मुलगी उभी. आतून पुरुषाचा आवाज आला, "ए, दार लाव! गारवा जातोय सगळा! किती वेळा सांगायचं?" मुलगी दचकून दाराकडं धावली.

मी पिशवीतून पिळलेला सेक्शन काढला आणि पाय दारात घातला.

"दार राहू दे, बाळ," मी म्हटलं. "आधी मला खिडकी दाखव."